हृदय कमजोर झालेला रुग्ण घरी आला की पहिला महिना कसा सांभाळायचा

मिरजेत मेडिसिन वॉर्डात सिस्टर म्हणून माझी सगळी नोकरी झाली. जत, कवठेमहांकाळ, तासगाव, पलीकडून अथणी-चिकोडी, सगळीकडचे रुग्ण आमच्याकडे यायचे. निवृत्त झाले तरी ओळखीपाळखीतले लोक अजून डिस्चार्ज कार्ड घेऊन घरी येतात आणि विचारतात, "सिस्टर, अण्णांना घरी तर आणलं, आता करायचं काय?" त्यांना जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते आहे. हे हार्ट फेल्युअरच्या रुग्णांसाठी आहे, म्हणजे ज्यांच्या हृदयाचं पंपिंग कमी झालंय आणि छातीत पाणी झालं, धाप लागली म्हणून ज्यांना ॲडमिट करावं लागलं, त्यांच्यासाठी.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण ती बहुतेक घरांत कुणी सांगितलेली नसते. रुग्ण चालत घरी आला, चेहरा तरतरीत दिसला, की घरच्यांना वाटतं संकट टळलं. प्रत्यक्षात घरी आल्यावरचा पहिला महिना सगळ्यात धोक्याचा असतो. हृदय कमजोर असलेल्या माणसाला एकदा ॲडमिट व्हावं लागलं की पुढे त्याच्या जिवाला असलेला धोका वाढतो, आणि तो सर्वाधिक असतो तो डिस्चार्जनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत. पुन्हा ॲडमिट व्हावं लागलं तर तो आणखी वाढतो. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्यांदा ॲडमिट झाल्यानंतर निम्मे रुग्ण सुमारे २.४ वर्षांपर्यंत जगले. दुसऱ्या वेळेनंतर हा काळ १.४ वर्षांवर आला, तिसऱ्या वेळेनंतर १ वर्षावर आणि चौथ्या वेळेनंतर ०.६ वर्षावर. ते रुग्ण बहुतांशी वयस्कर होते आणि आजच्यासारखी औषधं तेव्हा नव्हती, हे खरं. पण प्रत्येक ॲडमिशनबरोबर आयुष्य आखडत जातं हे त्यातून दिसतं, आणि आमच्या वॉर्डातही तेच दिसायचं.

आपल्या देशातले आकडेही आहेत. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात २०१३ साली हार्ट फेल्युअरने ॲडमिट झालेल्या १२०५ रुग्णांची नोंद ठेवून पुढे त्यांचा माग ठेवला गेला. एका वर्षात सुमारे ३१ टक्के रुग्ण दगावले, पाच वर्षांत ५९ टक्के. मात्र ज्यांची औषधं नियमाप्रमाणे पूर्ण चालू होती, त्यांच्यात मृत्यू कमी होते. घाबरवायला हे सांगत नाही. यातला मोठा भाग घरातल्या माणसांच्या हातात असतो, म्हणून सांगते.

डिस्चार्जच्या दिवशी

त्या दिवशी बिल, योजनेचे कागद, गाडीची जुळवाजुळव यातच सगळ्यांचं लक्ष असतं. एका दवाखान्यात मी पाहिलंय, डॉक्टर राउंडला येऊन गेले, कार्ड कॅश काउंटरवर मिळालं, आणि गोळ्या कशा घ्यायच्या ते औषधाच्या दुकानातल्या मुलाने समजावलं. असं होऊ देऊ नका. बिल भरायला एकाने जावं, आणि जो घरी रोज रुग्णाजवळ राहणार आहे त्याने किंवा तिने वॉर्डात थांबावं. बहुतेक घरांत ती सून असते नाहीतर बायको, आणि नेमकं तिलाच कुणी काही सांगत नाही. समजावून सांगायची वेळ आली की थोरल्या मुलाला बोलावतात, आणि तो दुसऱ्या दिवशी पुण्याला कामावर निघून जातो.

सिस्टरला विचारून आजचं वजन कार्डावर लिहून घ्या. छातीतलं, पायातलं जादा पाणी निघून गेल्यावरचं हे वजन पुढच्या सगळ्या हिशोबाचा पाया आहे. टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ईएफ किती आला तोही आकडा विचारा; दर ठोक्याला हृदय त्यातलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं ते तो सांगतो. शेवटच्या रक्ततपासणीतलं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते यावरून कळतं) आणि पोटॅशियम कार्डावर आहे का बघा. फॉलोअपची तारीख नुसती 'एक आठवड्याने' अशी न घेता तारीख, वार आणि ओपीडीची वेळ घ्या. आणि गडबड वाटली तर फोन कुणाला करायचा, तो नंबर घ्या.

रुग्णाला निघण्यापूर्वी बाथरूमपर्यंत चालवून बघा. दम लागतोय का? पलंग सपाट करून दहा मिनिटं झोपता येतंय का? घोट्यावर बोट दाबलं तर खड्डा राहतोय का? यातलं काही असेल तर तिथेच डॉक्टरांना सांगा. अर्धवट पाणी निघालेला रुग्ण घरी नेला तर तो लवकरच परत येतो.

मग डॉक्टर किंवा सिस्टर जे सांगतील ते तुम्ही त्यांना आपल्या शब्दांत परत सांगून दाखवा. "म्हणजे लघवीची गोळी सकाळी एक, पांढरी अर्धी रात्री, बरोबर?" यात लाज वाटायचं काही कारण नाही. मी नव्या मुलींना हेच शिकवायचे, की नातेवाईक मान डोलावतात म्हणजे त्यांना समजलं असं धरू नका, त्यांच्याकडून वदवून घ्या.

रोज सकाळचं वजन

हृदयाचा पंप दाबाने चालत नसला की शरीरात पाणी साठायला लागतं. धाप लागण्याच्या किंवा पाय सुजण्याच्या कितीतरी दिवस आधी हे पाणी वजनात दिसतं. सूज डोळ्यांना दिसेपर्यंत अंगात काही लिटर पाणी साठलेलं असू शकतं. म्हणून वजनकाटा ही या आजारात घरातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू आहे. साधा डिजिटल काटा हजार रुपयांच्या आत मिळतो, आणि तो ॲडमिशनच्या एका दिवसाच्या खर्चापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

काटा फरशीवर ठेवा, सतरंजीवर किंवा शेणाने सारवलेल्या जमिनीवर ठेवला तर रोज वेगळा आकडा येतो. सकाळी उठल्यावर लघवीला जाऊन आल्यावर, चहा घेण्याआधी, साधारण तशाच कपड्यांत वजन करायचं. धोतर नेसणारे आजोबा असतील तर रोज धोतरातच, एक दिवस धोतर आणि एक दिवस लेंगा असं नको. आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहायचा. दुधाचा हिशोब जिथे लिहिता त्याच्या शेजारीच लिहा, म्हणजे विसरत नाही. मोबाइलमध्ये लिहिलेलं ओपीडीत कुणी उघडून दाखवत नाही, कॅलेंडरचं पान फाडून आणता येतं.

तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं, तर ते चरबीचं नाही, पाणी आहे. त्याच दिवशी फोन करा. काही डॉक्टर आधीच सांगून ठेवतात की एवढं वाढलं तर लघवीची गोळी अर्धी जास्त घ्या. तसं सांगितलं असेल तर लिहून घ्या, सांगितलं नसेल तर विचारा, पण मनाने करू नका. उलट वजन भराभर उतरायला लागलं, उभं राहिल्यावर चक्कर यायला लागली, जीभ कोरडी पडली, तर पाणी जास्त निघतंय. तेही त्याच दिवशी कळवायचं. उन्हाळ्यात, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत शेतावर जाणाऱ्यांच्या बाबतीत आणि जुलाब-उलट्या लागल्या तर हे फार लवकर होतं.

दिवसभरात पाणी किती प्यायचं हा आकडा प्रत्येकाचा वेगळा. खूप कमजोर हृदयाला दीड ते दोन लिटरची मर्यादा घालतात, सगळ्यांना घालत नाहीत. तुमच्या रुग्णाला घातली असेल तर सकाळीच तेवढं पाणी एका बाटलीत भरून ठेवा. चहा, ताक, आमटी पोटात गेली की तेवढं पाणी बाटलीतून ओतून टाका. संध्याकाळी बाटलीत किती उरलंय ते रुग्णालाही दिसतं, आणि मग घोटाघोटावरून भांडण होत नाही.

मीठ

आपल्याकडच्या जेवणात पथ्य मोडतं ते इथेच. वरून मीठ घेत नाहीत म्हणजे पथ्य झालं, असं सगळे सांगतात. मी विचारायचे, "लोणचं?" "ते तर थोडंसंच." "खारी?" "चहाबरोबर दोन." "रात्री भाकरीबरोबर?" "सांडगी मिरची, तेवढीच चव लागते." दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, आणि त्यात हे सगळं धरायचं. लोणचं, पापड, कुरडया, सांडगी मिरची, शेव, चिवडा, खारे दाणे, खारी, टोस्ट, ब्रेड, वेफर्स आणि कोकणातल्या माणसांचे सुके बोंबील आणि जवळा. पापडात तर मिठाबरोबर पापडखारही असतो, आणि तोही सोडियमच. सैंधव आणि काळं मीठ चालतं असा समज आहे, तो चुकीचा आहे. पोट फुगलं की लोक फसफसणारं चूर्ण पाण्यात टाकून पितात, त्यातही सोडाच असतो.

करायचं असं. रुग्णाचं दिवसाचं मीठ सकाळी एका छोट्या डबीत काढून ठेवा. भाजी-आमटी आधी बिनमिठाची शिजवा, त्याची वाटी बाजूला काढा, मग बाकीच्यांच्या भांड्यात मीठ घाला. त्याच्या वाटीत डबीतलं चिमूटभर घाला. भाकरीच्या पिठात मीठ घालूच नका, कुणाच्याच. चवीसाठी लिंबू, आमसूल, चिंच, लसूण, भाजलेलं जिरं, ओलं खोबरं, बिनमिठाची जवसाची किंवा तिळाची चटणी वापरा. पहिले काही दिवस रुग्ण ताट सरकवतो. नंतर जिभेला सवय होते. पण खाणंच कमी झालं असं होऊ देऊ नका. दवाखान्यातून आलेल्या माणसाचे स्नायू आधीच गळालेले असतात. थोडं थोडं पाच वेळा द्या, अंडं, घट्ट वरण, दही, जे आवडेल ते.

बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं. ते आणू नका. त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम घातलेलं असतं, आणि हृदयाच्या बऱ्याच गोळ्या आधीच रक्तातलं पोटॅशियम वाढवतात. दोन्ही मिळून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्याच कारणाने रोज शहाळ्याचं पाणी देण्याआधी डॉक्टरांना विचारा. भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा शहाळं घेऊन येतो, प्रेमाने आणतो, ते घरातल्या मुलांना द्या.

आता गावाकडची एक गोष्ट, जिच्यामुळे परत आलेले रुग्ण मी स्वतः बघितलेत. घरी आल्यावर चार दिवसांनी अशक्तपणा वाटतो. कुणीतरी म्हणतं, जवळच्या डॉक्टरकडे जाऊन एक सलाईन लावून घेऊ, तरतरी येईल. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. दिवसभराचं मीठ आणि वर अर्धा लिटर पाणी, तेही एका तासात थेट रक्तात. ज्याच्या छातीतलं पाणी काढायला आम्ही आठवडाभर झटलो, त्याला ते पुरेसं होतं. गावातल्या डॉक्टरांकडे जाताना डिस्चार्ज कार्ड हातात ठेवा आणि आधीच सांगा, "हार्टचा पेशंट आहे, पंपिंग कमी आहे." सलाईन, ओआरएस, इंजेक्शन, जे काही असेल ते त्यानंतर.

गोळ्या

घरी आल्या आल्या घरातल्या सगळ्या जुन्या गोळ्या एका पिशवीत भरा. कपाटातल्या, देवघराजवळच्या, उशाखालच्या, सगळ्या. कार्डावर जे नाही ते चालू ठेवायचं नाही. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावाने येतं, त्यामुळे जुनी पाकिटं राहिली तर तेच औषध दुप्पट जातं. आणखी एक मोठा धोका आहे. पूर्वी रामिप्रिल किंवा एनालॅप्रिल चालू होतं आणि आता सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन दिलंय, अशा वेळी जुनं पाकीट पूर्ण बंद हवं. दोन्ही एकत्र गेली तर चेहरा आणि घसा सुजून श्वास कोंडू शकतो. जुनं बंद करून नवं सुरू करताना मधे छत्तीस तासांचं अंतर ठेवावं लागतं. ती पिशवी पहिल्या फॉलोअपला सोबत न्या.

पंपिंग कमी झालेल्या हृदयाला आज चार प्रकारच्या गोळ्या देतात. रामिप्रिल, वाल्सार्टनच्या गटातली एक. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल किंवा कार्वेडिलॉल यातली एक. स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन. आणि डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, जी मुळात साखरेसाठी आली पण साखर नसलेल्या रुग्णाच्याही हृदयाला उपयोगी पडते. या चारही गटांनी आयुष्य वाढतं हे मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झालंय. लघवीची गोळी, फ्युरोसेमाइड किंवा टॉरसेमाइड, ही पाणी काढते, धाप कमी करते, पण ती या चारांची जागा घेत नाही. लोकांना ती लगेच उपयोगी पडलेली दिसते म्हणून ती घेतात आणि बाकीच्या सोडतात. महिना संपत आला की पैशासाठी आधी ज्या गोळ्यांवर काट मारली जाते, त्या जीव वाचवणाऱ्याच असतात. पैशाची अडचण असेल तर डॉक्टरांना सरळ सांगा. यातल्या बऱ्याच गोळ्या जेनेरिक मिळतात, जनऔषधी केंद्रात चौकशी करा.

"बीपी नॉर्मल आलं, मग बीपीची गोळी कशाला?" हे मला कायम विचारलं जातं. त्या गोळ्या इथे बीपीसाठी नसतात, हृदयावरचा भार उतरवायला असतात. बीपी कमी दाखवत असलं पण चक्कर नसेल तर डॉक्टर बहुधा त्या चालूच ठेवतात. चक्कर येत असेल तर कळवा. मेटोप्रोलॉलसारखी गोळी एकदम बंद करणं धोक्याचं आहे, ती कधीच मनाने सोडायची नाही.

एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार. उपवासाला गोळी चालते. देवाला त्याने काही होत नाही. पण डॅपाग्लिफ्लोझिन चालू असणाऱ्याने, विशेषतः मधुमेह असेल तर, कडक निर्जळी उपवास करू नये. पोटात काही नसताना आणि उलट्या-जुलाबात ही गोळी थांबवावी लागते, म्हणून अशा दिवशी डॉक्टरांना फोन करा. आणि साबुदाण्याची खिचडी, उपवासाचा चिवडा, वेफर्स यात मीठ असतंच, ते मोजा.

गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यातलं काहीही देऊ नका. या गोळ्या अंगात पाणी धरून ठेवतात आणि किडनीवर ताण आणतात. दुकानातून 'अंगदुखीची गोळी' म्हणून चिठ्ठीशिवाय मिळतात, आठवडी बाजारात सांधेदुखीच्या पुड्या मिळतात, त्यात काय असतं कुणालाच माहीत नसतं. दुखत असेल तर साधी पॅरासिटामॉल किती घ्यायची ते विचारून घ्या, आणि पाण्यात विरघळणारी नको, तिच्यात सोडियम असतं.

तंबाखू, मिश्री, दारू बंद. यावर जास्त लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. फ्लूची आणि न्यूमोनियाची लस कधी घ्यायची ते फॉलोअपला विचारा.

पहिली ओपीडी चुकवायची नाही

अमेरिकेत सरकारी विम्यातल्या सुमारे १.१८ कोटी रुग्णांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. दवाखान्यातून सुटलेल्यांपैकी १९.६ टक्के रुग्ण तीस दिवसांत परत ॲडमिट झाले होते. आणि औषधोपचारासाठी ॲडमिट होऊन असे परतलेल्यांपैकी निम्म्यांनी मधल्या काळात एकदाही डॉक्टरांकडे जाऊन दाखवल्याची नोंद नव्हती. आपल्याकडेही हेच चालतं. "बरं वाटतंय, मग कशाला जायचं, ऊसतोड आहे, गाडी नाही."

सात ते दहा दिवसांत पहिली भेट झालीच पाहिजे. त्या भेटीत फक्त तब्येत बघत नाहीत, औषधं वाढवतात. चौदा देशांत झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत डिस्चार्जनंतर पहिल्या दोन आठवड्यांत गोळ्यांचे डोस पूर्ण मात्रेपर्यंत वाढवले आणि रुग्णांना वारंवार बोलावून तपासलं. सहा महिन्यांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरने परत ॲडमिट होणं यांचं प्रमाण नेहमीच्या पद्धतीत २३.३ टक्के होतं, ते १५.२ टक्क्यांवर आलं. वर्षानुवर्षं आमच्याकडे रुग्ण डिस्चार्जच्या दिवशीच्या छोट्या डोसवरच राहायचे, कारण वाढवायला ते परत यायचेच नाहीत. म्हणून ओपीडीत विचारा, "डॉक्टर, डोस वाढवता येईल का?" आणि "क्रिएटिनिन, पोटॅशियम परत कधी तपासायचं?" गोळी नवी सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत ही तपासणी लागते.

सगळे रुग्ण हृदयामुळेच परत येतात असं मात्र नाही. येल विद्यापीठाचे डॉ. हार्लन क्रुमहोल्झ यांनी २०१३ मध्ये हे मांडलं, आणि कुठल्याही वॉर्डातली सिस्टर ते मान्य करेल. दवाखान्यात झोप लागत नाही, जेवण जात नाही, माणूस आठ दिवस पलंगावर पडून राहतो, म्हाताऱ्या माणसाला दिवस-रात्र कळेनासं होतं. या अवस्थेत घरी आला की तो पडतो, त्याला न्यूमोनिया होतो, लघवीचा जंतुसंसर्ग होतो. म्हणून पहिल्या आठवड्यात रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा ठेवा, पायपुसणी उचलून ठेवा, लघवीची गोळी सकाळीच द्या म्हणजे रात्री उठावं लागत नाही. भेटायला येणाऱ्यांना दुपारी झोपेच्या वेळी येऊ देऊ नका. घरातल्या घरात दिवसातून तीन-चार वेळा चालवा. कुणाला सर्दी-ताप असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा, रागावला तरी चालेल.

परत कधी जायचं

हे सगळं वाचून कुणी असं ठरवेल की काही झालं तरी परत ॲडमिट व्हायचं नाही. तसं ठरवू नका. अमेरिकेत २०१२ पासून रुग्ण तीस दिवसांत जास्त प्रमाणात परत आले तर दवाखान्याला पैशांचा दंड सुरू झाला. परत येणाऱ्यांचं प्रमाण उतरलं. पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात हार्ट फेल्युअरच्या रुग्णांत डिस्चार्जनंतरच्या तीस दिवसांतले मृत्यू वाढलेले दिसले. ते दंडामुळेच झालं का, यावर तज्ज्ञांत वाद आहे. मला एवढंच सांगायचंय, की परत जाणं वाईट नाही, उशिरा जाणं वाईट आहे. दुपारी चालत येणारा रुग्ण आणि रात्री दोन वाजता ऑक्सिजन लावून स्ट्रेचरवर येणारा रुग्ण यांच्यात फार मोठा फरक असतो, आणि बहुतेक वेळा तो दोन-तीन दिवसांच्या वाट बघण्यानेच पडलेला असतो. "सोमवारपर्यंत बघू", "लग्न उरकू दे", "मुलगा पुण्याहून येऊ दे".

त्याच दिवशी फोन करून दाखवायला जायचं ते असं: वजनाचं वर सांगितलंच. शिवाय घोटे सुजले, चपलेचा पट्टा घट्ट व्हायला लागला. एका उशीवर झोपणारा माणूस दोन-तीन उशा मागायला लागला किंवा रात्री उठून बसायला लागला. आडवं झालं की खोकला येतो. पोट फुगल्यासारखं होऊन दोन घासांतच नको वाटतं. काल ओसरीपर्यंत जात होता, आज मधेच बसतो. रुग्ण स्वतः बऱ्याचदा लपवतो, मुलांना खर्च नको म्हणून. रात्री त्याच्या जवळ झोपणाऱ्या माणसाला विचारा, उशांचा आकडा तिला माहीत असतो.

१०८ ला लगेच फोन करायचा तो बसल्या जागी धाप लागत असेल, सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर पडले, तोंडातून फेसाळ गुलाबी थुंकी आली, छातीत दुखतंय, शुद्ध हरपली किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला तर. कोविडच्या काळातलं ऑक्सिजन बघायचं यंत्र घरी असेल तर ९० च्या खाली आकडा म्हणजे निघायचं. आकडा ९५ आहे पण दम लागतोय, तरीही निघायचंच. धाप लागलेल्या, शुद्धीवर असलेल्या रुग्णाला आडवं झोपवू नका. बसवा, पाय खाली सोडा, पाठीशी कुणीतरी टेकून बसा, आणि गाडीतही तसंच न्या. कार्ड, गोळ्यांची पिशवी, वजनाचं कॅलेंडर आणि जुना इको एका प्लास्टिकच्या फाइलीत दाराजवळ टांगून ठेवा, म्हणजे रात्री शोधाशोध होत नाही. कॅज्युअल्टीतल्या नव्या डॉक्टरला त्या फाइलीतून पाच मिनिटांत जे कळतं, ते तुम्हाला विचारून अर्ध्या तासात कळत नाही.

परत ॲडमिट झालाच तर

पाणी काढलं, धाप थांबली, की पुन्हा घरी, असं नुसतं होऊ देऊ नका. डॉक्टरांना एक प्रश्न विचारा: "या वेळी कशामुळे झालं?" मीठ, सुटलेली गोळी, दुखीची गोळी, जंतुसंसर्ग, रक्त कमी होणं, थायरॉइड, ठोक्यांचा बिघाड, नवा झटका, किडनी, यातलं काहीतरी असतंच. कारण सापडलं तर तिसरी वेळ टाळता येते. चार गोळ्यांपैकी कुठली चालू नाही आणि का नाही, ते विचारा. पेसमेकरसारखं यंत्र किंवा आणखी काही उपचार बाकी आहे का, ते विचारा.

तिसऱ्या-चौथ्या वेळी आणखी एक बोलणं करावं लागतं, आणि ते घरातले सगळे टाळतात. किती दिवस आहेत, पुढे काय होईल, हे डॉक्टरांना विचारा, शक्यतो रुग्ण स्थिर असताना, आयसीयूच्या दाराबाहेर नाही. आणि रुग्णालाही विचारा. मी विचारलंय. बहुतेकांना आधीच कळलेलं असतं आणि ते तुम्हीच विषय काढायची वाट बघत असतात. कुणाला व्हेंटिलेटर नको असतो, कुणाला धाकट्या मुलीचं लग्न होईपर्यंत सगळं करून बघायचं असतं, कुणाला आपल्याच घरात राहायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अशी इच्छा आधीच लिहून ठेवायला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. कागद करा किंवा न करा, पण सगळी भावंडं एका वेळी घरात असताना हे बोलणं होऊ द्या, म्हणजे ऐन वेळी एक भाऊ "घरी न्या" आणि दुसरा "पुण्याला हलवा" म्हणत दवाखान्याच्या जिन्यात भांडत नाहीत. धाप आणि बेचैनी कमी करणारे उपचार शेवटपर्यंत मिळतात, ते मागा. "आता काही करण्यासारखं नाही" असं कुणी म्हणालं तर विचारा, "त्रास कमी करायला काय करता येईल?"